वाऱ्यावर चालणारा विमानतळ

दोस्तांनो, विमानतळ म्हटला की गारेगार एसी आलाच, नाही का? पण गॅलापागोस बेटांपैकी बाल्ट्रा बेटावरच्या विमानतळाची गंमतच न्यारी! बेट विषुववृत्ताजवळचं, तरी प्रवाशांच्या मोठ्या दालनात एसी नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते नि झडपांतून बाहेर पडते. तिच्या जागी समुद्रावरचा वारा आत शिरतो. झाला की नाही फुकटचा पंखा?

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, भर पॅसिफिक महासागरात. डिझेलसुद्धा जहाजानं आणावं लागतं. म्हणून २०१२ साली नवी इमारत उभी राहिली ती ऊन आणि वारा यांच्या विजेवर. जुन्या इमारतीचं सामान पुन्हा वापरलं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात तेल काढण्यासाठी वापरलेले पोलादी पाइपही इथल्या सांगाड्यात बसवले, बरं का!

शाबासकी द्यायलाच हवी. पण जरा थांबा. विमानतळ आपल्या कार्बनचा हिशेब मांडतो तो दिवे, यंत्रं आणि स्वतःच्या गाड्यांचा. समुद्र ओलांडून येणारं विमान वाटेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो कितीतरी जास्त. तो मात्र विमान कंपनीच्या खात्यात!