वसीका : मुलींच्या फांद्यांची वंशावळ

लखनौच्या हुसैनाबाद भागात, घंटाघराजवळच्या तळ्याकाठी एक जुनी बारादरी आहे. अवधच्या नवाबांची मोठमोठी तैलचित्रं तिथे लावलेली असल्याने सगळे तिला पिक्चर गॅलरी म्हणतात. पर्यटक चित्रं पाहून निघून जातात. पण त्याच आवारात काही माणसं वेगळ्या कामासाठीही येत आली आहेत. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या नावे लावून दिलेल्या रकमेतला आपला हिस्सा त्यांना घ्यायचा असतो. या हिश्शाला वसीका म्हणतात आणि घेणाऱ्याला वसीकेदार. कुणाकुणाचा हिस्सा दहा रुपयेही भरत नाही, जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं त्याहून जास्त होतं. तरी माणसं येतात, कारण सरकारी वहीत नाव असणं हाच आपल्या घराण्याचा पुरावा आहे, असं ती मानतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

वसीका म्हणजे लेखी करार. नेपाळच्या युद्धासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८१४ साली अवधच्या गाझीउद्दीन हैदरकडून कोटीभर रुपये कर्जाऊ घेतले. १८२५ मध्ये आणखी एक कोटी घेतले, पाच टक्के व्याजाने. हे १८२५ चं कर्ज कायमचं होतं. मुद्दल परत करायचं नाही, पण व्याज नवाबाने नेमलेल्या माणसांना आणि त्यांच्यामागे ठरल्याप्रमाणे पुढच्यांना देत राहायचं. नेमलेल्यांत मुबारक महल, सुलतान मरियम बेगम, मुमताज महल, सरफराज महल अशा जनान्यातल्या स्त्रिया ठळकपणे होत्या. त्यांच्या पश्चात या व्याजाचा एक भाग नजफ आणि करबलाच्या धर्मपंडितांकडेही जाऊ लागला. १८५६ मध्ये अवध खालसा झालं, पुढे कंपनी गेली, इंग्रजही गेले. वसीका मात्र चालू राहिला.

आता यातला हिशेब पाहा. समजा, एका वसीकेदाराला शंभर रुपये मिळत होते. तो वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मुस्लिम वारसाहक्काप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा रुपये. उरलेल्या साडेसत्त्याऐंशीचे पाच वाटे करायचे. मुलग्यांना दोन-दोन, मुलीला एक. मुलीच्या वाट्याला आले सतरा रुपये आठ आणे. पुढे ती वारली, मागे नवरा, एक मुलगा, एक मुलगी. नवऱ्याला चौथाई, म्हणजे चार रुपये सहा आणे. मुलाला आठ रुपये बारा आणे आणि मुलीला पुन्हा चार रुपये सहा आणे. दोन पिढ्यांत शंभराचे चार झाले. आणखी चार पिढ्या उतरा म्हणजे आज कुणाकुणाचा हिस्सा दहा रुपयेही का भरत नाही ते कळेल. मूळ व्याज चांदीच्या रुपयांत मिळत असे, तेव्हा चांदीच्या भावाने द्या, ही वसीकेदारांची मागणी मला रास्त वाटते.

पण या वाटणीने एक मोलाची गोष्ट घडवली. सहा आणे कुणाला द्यायचे ते ठरवायला कोण कुणाची मुलगी, कुणाशी लग्न झालं, मागे किती मुलं राहिली, हे सगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी शजरा, म्हणजे वंशवृक्ष, सतत भरता ठेवावा लागतो. आणि मुलीला अर्धा का होईना वाटा असल्याने तिची फांदी तोडता येत नाही.

गंमत म्हणजे जवळपास त्याच काळात अमेरिकेत असंच घडत होतं. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना १८३२ च्या कायद्याने व्यापक प्रमाणावर पेन्शन मिळू लागलं आणि १८३६ मध्ये विधवांचा हक्क वाढला. विधवेला लग्न सिद्ध करणं भाग होतं, आणि कित्येक गावांत लग्नाची सरकारी नोंदच नव्हती. मग बायकांनी घरच्या बायबलमधली पानं फाडून अर्जाला जोडली. जन्म, लग्न, मृत्यू लिहायला त्या ग्रंथांत खास कोरी पानं असत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा सुमारे ८०,००० फायली आहेत, त्यांतल्या काहींत ही पानं आजही सापडतात. सुरुवातीच्या अमेरिकी कुटुंबांचा माग काढणारा माणूस या फायली पाहिल्याशिवाय राहत नाही. एरवी इतिहासात जिचं नावही उरलं नसतं अशी शेतकऱ्याची बायको तिथे आपलं लग्न कधी, कुठे, कुणासमोर झालं ते शपथेवर सांगते.

आपल्याकडे महाराष्ट्रातही पैशाच्या, म्हणजे वतनाच्या मागे वंशावळी आल्या. पाटीलकी-कुलकर्णाचा वाद उठला की गोतसभेपुढे करीना, म्हणजे आपल्या हक्काची हकीकत, मांडायचा आणि बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव सांगत जायचं. इंग्रजांच्या इनाम कमिशननेही घराण्याघराण्याकडून वंशावळी मागितल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद खच्चून भरलेले आहेत. पण वतन लेकीबरोबर सासरी जात नसे, म्हणून त्या वंशावळींत लेकी नाहीत. विधवेचं नाव येतं ते बहुधा तिने दत्तक घेतला तेव्हाच. ही उणीव मला फार लागते. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला मोडी कागद गावोगाव पुन्हा उलगडले गेले, तेव्हाही शोध चालला तो बाप-आज्यांचाच.

आमच्या घरच्या वंशावळीत नऊ पिढ्या आहेत आणि एकही मुलगी नाही. लखनौहून आल्यावर मी आईजवळ बसलो आणि तिला आठवतील तशा आत्या, आतेआज्या विचारत गेलो. कागदाच्या समासात पेन्सिलीने अकरा नावं उतरली. त्यातल्या तिघींची सासरची गावंही कळली. एकीचं फक्त "सोलापूरकडची" एवढंच आईच्या लक्षात होतं. तेही लिहून ठेवलं आहे.