टाकून दिलेली पाने

विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. जीवशास्त्र शिकलो ते ग्रंथालयात बसून आणि जाणकारांना पत्रे लिहून. त्यामुळे असेल, पण ‘जनुके अधिक तो जीव सरस’ हा समज माझ्या मनात फार काळ टिकला. तो मोडला प्रोक्लोरोकॉकसने.

हा समुद्रात तरंगणारा, प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू. एका मिलिमीटरमध्ये दीड हजारांहून अधिक ओळीने मावतील, एवढा लहान. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली ‘नेचर’मध्ये त्याची नोंद केली. प्रकाशावर जगणाऱ्या जीवांत संख्येने सर्वांत मोठा असलेला हा जीव तोवर माणसाच्या नजरेतून निसटला होता.

२००३ मध्ये त्याच्या दोन वाणांचे जीनोम प्रसिद्ध झाले. जीनोम वाचायचा म्हणजे डीएनएचे असंख्य तुकडे करायचे, प्रत्येकातली अक्षरे ओळखायची आणि सारखी टोके जुळवत फाटलेली पोथी पुन्हा लावायची. खोल, अंधूक पाण्यातल्या वाणात सुमारे २४ लाख अक्षरे आणि २,२७५ जनुके निघाली. वरच्या, उन्हातल्या पाण्यातल्या ‘एमईडी४’ या वाणात सुमारे १६.६ लाख अक्षरे आणि १,७१६ जनुके.

मग बाकीची पाने गेली कुठे? एमईडी४ला नायट्रेट वापरता येत नाही. त्याची जनुकेच उरलेली नाहीत. डीएनए घडवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि वरच्या पाण्यात दोन्हींची चणचण. तिथे लहान पोथी परवडते, असे अभ्यासक मानतात.

याहून नवल कॅटलेझचे. उन्हामुळे समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते पेशीला घातक. त्याचे विघटन करणारे कॅटलेझ हे विकर प्रोक्लोरोकॉकसकडे नाही. ते काम शेजारचे इतर जीवाणू करतात. प्रयोगशाळेत हे शेजारी काढून घेतले, की विरळ पेरलेला प्रोक्लोरोकॉकस तग धरत नाही. २०१२ मध्ये मॉरिस, लेन्स्की आणि झिन्सर यांनी यावरून एक सिद्धान्त मांडला आणि त्याला पत्त्यांतल्या इस्पिकच्या राणीचे नाव दिले. ‘हार्ट्स’च्या डावात ती आपल्याकडे येऊ नये, अशीच प्रत्येकाची धडपड असते, पण कुणाला तरी ती घ्यावीच लागते.

म्हणजे गाळलेले पान ही उणीव नव्हे. ते शेजाऱ्याच्या पोथीत आहे. एकट्या जीवाचा जीनोम कितीही अचूक वाचला, तरी त्याची गोष्ट अर्धीच कळते. माझ्या पत्रांना उत्तरे देणारे जाणकार नसते, तर ही अर्धीही मला कळली नसती.