शुक्रवारचे विमान कोणते?

आठवडाभर बंगळूरला सल्लागाराचे काम करून शुक्रवारी शिरूरला परतणाऱ्या मुलासाठी विमानाची वेळ तिकिटाच्या दरावरून ठरत नाही. ती चौविहारावरून ठरते. पुणे परिसरात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबराच्या आरंभी सहाच्या आतच. चारला लोहगावी उतरले, तरी वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी पुढे असतेच. तेव्हा हिवाळ्यात दुपारचे विमान घ्यावे. ते न मिळाल्यास डबा वाटेतच उघडावा. ताट वाढून वाट पाहणाऱ्या आईला मात्र हे आधी कळवावे. घरोघरी रुसवा होतो तो इथेच.

शिरूरला रेल्वे नाही. दौंडकरांना मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन लाभले आहे. रात्रीची सोयीची गाडी मिळाली, तर सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांची नवकारसी शनिवारी घरीच पारता येते.