ट्रकचालक प्रशिक्षण (यवतमाळ जिल्हा)

ट्रकचालक प्रशिक्षण म्हणजे मध्यम व जड मालवाहू वाहने चालविण्यासाठी परवानाधारक मोटार प्रशिक्षण संस्थेत दिले जाणारे विहित शिक्षण होय. अशा संस्थेला बोलीभाषेत 'ड्रायव्हिंग स्कूल' म्हणतात. प्रशिक्षणार्थी शुल्क भरून संस्थेकडून प्रशिक्षण व त्याचे प्रमाणपत्र मिळवितो. वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती (लायसन्स) मात्र संस्था देत नाही. ती परिवहन कार्यालय देते. संस्थेची निवड करताना आणि शुल्क ठरविताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा विदर्भातील कापूस उत्पादक जिल्हा आहे. वणी परिसरात कोळशाच्या खाणी असून मुकुटबन येथे सिमेंटचा कारखाना आहे. नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जिल्ह्याच्या पूर्व भागातून वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी या गावांवरून तेलंगणात जातो. तुळजापूर–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ व कळंब यांना जोडतो. कापसाच्या गाठी, कोळसा व सिमेंट यांच्या वाहतुकीमुळे ट्रकचालकाचा व्यवसाय हे येथील तरुणांसाठी शेतीबाहेरील रोजगाराचे एक साधन आहे.

हा व्यवसाय पूर्वापार गुरुपरंपरेने शिकला जाई. मुलगा 'क्लीनर' म्हणून ट्रकवर लागे, गाडी धुणे, चाक बदलणे, दोर आवळणे ही कामे करी आणि काही वर्षांनी चालकाच्या देखरेखीखाली रिकाम्या रस्त्यावर चक्र हाती घेई. या पद्धतीत पैसे लागत नसत. परंतु वाहतुकीचे नियम, प्रथमोपचार आणि कायदेशीर जबाबदारी यांचे पद्धतशीर शिक्षण त्यातून मिळेलच असे नव्हते. आज परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी अर्ज करताना प्रशिक्षण संस्थेचे 'नमुना ५' मधील प्रमाणपत्र जोडावे लागते.

पात्रता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहन चालविणाऱ्याचे वय किमान २० वर्षे असावे लागते. परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळण्यापूर्वी अर्जदाराकडे हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान १ वर्ष असणे आवश्यक आहे. नोंदणीकृत डॉक्टरने 'नमुना १-अ' मध्ये दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. शिकाऊ अनुज्ञप्ती ६ महिने वैध असते व ती मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण होण्यापूर्वी चाचणी देता येत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे कोणतीच अनुज्ञप्ती नाही, त्याला महिनाभरात जड वाहनाची अनुज्ञप्ती मिळवून देण्याचे आश्वासन कायद्याशी विसंगत ठरते.

इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट २०१९ मध्ये रद्द करण्यात आली.

एकूण वजन ७,५०० किलोग्रॅमपर्यंत असलेले वाहन 'हलके', १२,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक वजनाचे मालवाहू वाहन 'जड' आणि त्यांमधील वाहन 'मध्यम' मानले जाते. ७,५०० किलोग्रॅमच्या आतील मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ज्याला केवळ छोटा टेम्पो चालवायचा आहे, त्याला जड वाहनाच्या अभ्यासक्रमावर खर्च करण्याची आवश्यकता नसते.

संस्थांचे प्रकार

१) परवानाधारक खासगी संस्था : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये परवाना घेऊन या संस्था चालतात. परिवहन वाहनाच्या अभ्यासक्रमाचा कालावधी किमान ३० दिवसांचा असून त्यात मध्यम वा जड वाहन प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १५ तास असावे लागतात.

२) अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रे : यांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. येथे मध्यम व जड वाहनांचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो. केंद्राकडे सिम्युलेटर व चाचणीमार्ग असणे बंधनकारक आहे. येथील परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते.

३) सार्वजनिक संस्था : महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आपल्या चालकांना स्वतः प्रशिक्षण देते. २०१९ मध्ये महामंडळाने यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी तरुणींना बसचालकाचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला.

ज्वालाग्राही वा घातक मालाचे टँकर चालविण्यासाठी ३ दिवसांचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

शुल्क

प्रशिक्षणाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला भाग शासकीय शुल्काचा. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी प्रत्येक वर्गास १५० रुपये, चालन चाचणीसाठी ३०० रुपये आणि असलेल्या अनुज्ञप्तीत नवा वर्ग जोडण्यासाठी ५०० रुपये आकारले जातात. त्यांत इतर किरकोळ आकारांची भर पडते. ही रक्कम 'सारथी' या शासकीय संकेतस्थळावर भरता येते व तिची पावती मिळते.

दुसरा भाग संस्थेच्या शुल्काचा. त्यात वाहन, डिझेल, प्रशिक्षकाचे वेतन व वर्गातील शिकवणी यांचा खर्च येतो. संस्थांची तुलना करताना एकूण रकमेपेक्षा प्रत्यक्ष चक्रामागील एका तासाला पडणारा दर अधिक उपयुक्त ठरतो. उदाहरणादाखल, एका संस्थेने १२,००० रुपयांत १५ तास दिले तर तासाला ८०० रुपये पडतात. दुसरीने ९,००० रुपयांत ६ तासच दिले तर तोच दर १,५०० रुपये होतो. कमी शुल्काची संस्था अशा वेळी प्रत्यक्षात महाग पडते. एकाच ट्रकमध्ये चौघे बसले असतील, तर प्रत्येकाचे स्वतः चालविण्याचे तासच मोजावे लागतात. इतरांचे चालविणे पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरता येत नाही.

शुल्क हप्त्यांत भरल्यास आणि प्रत्येक हप्त्याची पावती घेतल्यास प्रशिक्षणार्थीचे हित जपले जाते. पावतीवर शासकीय व संस्थेचे शुल्क वेगळे दाखविलेले असल्यास वादाला जागा उरत नाही. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी पांढरकवडा व पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. प्रशिक्षणविषयक योजनांची चौकशी तेथे करता येते.

निवडीचे निकष

नियमांनी संस्थेवर घातलेली बंधने हेच निवडीचे विश्वसनीय निकष होत.

• संस्थेचा मूळ परवाना आणि प्रशिक्षकांची नावे दर्शनी भागी लावलेली असावीत. परवान्यात जड वाहनाच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे की नाही, हेही पाहणे आवश्यक असते.
• प्रशिक्षणाच्या ट्रकला दुहेरी नियंत्रण असावे, म्हणजे प्रशिक्षकाला आपल्या बाजूने वाहन थांबविता येते.
• प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण व ५ वर्षांचा वाहनचालनाचा अनुभव असलेला असावा.
• प्रवेशाची नोंदवही 'नमुना १४' मध्ये व चालविलेल्या तासांची नोंदवही 'नमुना १५' मध्ये ठेवलेली असावी.

यांपैकी 'नमुना १५' विशेष महत्त्वाचा आहे, कारण शुल्काच्या बदल्यात काय मिळाले याचा लेखी पुरावा त्यातच असतो. नियमबाह्य मार्गाने अनुज्ञप्ती मिळवून देण्याची हमी देऊन प्रशिक्षणार्थ्यांची दिशाभूल करण्यास संस्थांना मनाई आहे.

न शिकता मिळालेल्या प्रमाणपत्राचे परिणाम

काही वेळा हजेरीशिवाय प्रमाणपत्र देण्याचा व्यवहार होतो. त्यात वेळ वाचल्यासारखा वाटला, तरी नुकसान प्रशिक्षणार्थीचेच होते. चाचणी ज्या वर्गासाठी अर्ज आहे त्याच प्रकारच्या वाहनावर घेतली जाते. तीतून कोणी निभावून गेला, तरी भरलेल्या ट्रकचे थांबण्याचे अंतर, उतारावर गिअरच्या साहाय्याने वेग आवरणे, वळणावर मागील चाकांचा मार्ग आणि चालकाला आरशात न दिसणारा भाग यांचे ज्ञान त्याला प्रमाणपत्रातून मिळत नाही. या अज्ञानाची किंमत चालकाबरोबरच रस्त्यावरील दुचाकीस्वार, पादचारी व बैलगाडीवाले यांनाही मोजावी लागते. वैध अनुज्ञप्ती नसताना अपघात घडल्यास विमा कंपनीने दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. म्हणूनच मालवाहतूकदारही नव्या चालकाच्या हाती गाडी देण्यापूर्वी त्याची अनुज्ञप्ती तपासतात आणि त्याला काही अंतर चालवून पाहतात.

हेही पाहा

मोटार वाहन अधिनियम, १९८८
यवतमाळ जिल्हा
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
राष्ट्रीय महामार्ग ४४