एका पाकिटातील अनेक कागद

महाविद्यालयातील प्रवेश असो, शिष्यवृत्ती असो किंवा नोकरीचा अर्ज असो, आजकाल अर्जदाराला कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहण्याचे फारसे कारण उरलेले नाही. गुणपत्रिका, जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, छायाचित्र, स्वाक्षरी असे पाच-सात कागद संगणकातून निवडावयाचे, एक कळ दाबावयाची, आणि पडद्यावर 'अर्ज मिळाला' अशी अक्षरे उमटली की निर्धास्त व्हावयाचे, असा परिपाठ पडून गेला आहे. परंतु त्या एका कळीमागे काय घडते, सातही कागद एकाच वेळी कसे जातात, आणि त्यांतील एखादा गळला तर तो कोठे गळतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अर्ज फेटाळला गेला म्हणजे मात्र तो करण्याची पाळी येते. आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते.

या व्यवहारात पक्ष दोनच. अर्जदाराच्या पुढ्यात असलेला ब्राउझर हा पाठविणारा, आणि दूर कोठेतरी अहोरात्र चालू असलेला सर्व्हर हा घेणारा. वेबच्या आरंभीच्या काळात ब्राउझरमधील फॉर्म केवळ मजकूर पाठवू शके. नाव, गाव, वय अशा रकान्यांची एक सलग ओळ होई आणि ती सर्व्हरकडे जाई. या ओळीत इंग्रजी अक्षरे व अंक जसेच्या तसे राहत. इतर बहुतेक चिन्हांसाठी मात्र प्रत्येक बाइटाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरे लिहावी लागत. म्हणजे एकाचे तीन झाले. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी 'क' तीन बाइटांचा असतो. तो या रीतीने पाठविला तर नऊ चिन्हे खर्ची पडतात. चार शब्दांच्या नावापुरते हे चालून जाई. छायाचित्राच्या लाखो बाइटांना हीच रीत लावली असती, तर त्याचा आकार सुमारे अडीचपट फुगला असता. चिठ्ठीसाठी केलेल्या लिफाफ्यात पोते कोंबावे, त्यातलाच तो प्रकार.

या अडचणीवरचा तोडगा नोव्हेंबर १९९५ मध्ये पुढे आला. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी 'आरएफसी १८६७' या क्रमांकाचा एक मसुदा प्रसिद्ध केला. फॉर्ममध्ये फाईल निवडण्यासाठी स्वतंत्र रकाना असावा आणि पाठवावयाचा ऐवज निरनिराळ्या भागांत विभागून जावा, अशी त्यातील सूचना होती. भागांची ही कल्पना अगदी नवी नव्हती. ई-मेलला चित्रे व इतर कागद कसे जोडावेत याची रीत नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्येच बसवून दिली होती. टपालाचा हा जुना अनुभव फॉर्मच्या कामी आला.

या रीतीचे मर्म एका साध्या युक्तीत आहे. ब्राउझर प्रथम एक लांबलचक, यादृच्छिक अक्षरमाला तयार करतो. तिला सीमाचिन्ह म्हणू. हे चिन्ह असे निवडावयाचे असते की पाठवावयाच्या कोणत्याही कागदात ते आढळू नये. पाकिटाच्या माथ्यावर ब्राउझर सर्व्हरला ते कळवितो. मग प्रत्येक भागापूर्वी तेच चिन्ह येते. त्याखाली रकान्याचे नाव, फाईलचे नाव आणि तिचा प्रकार. त्यानंतर एक कोरी ओळ. आणि मग फाईलचे बाइट, काहीही फेरफार न करता. असे एकामागून एक सर्व भाग संपले की सीमाचिन्ह शेवटचे एकदा येते, आणि या खेपेस त्याच्या पुढे आणखी दोन आडव्या रेघा असतात. त्या दोन रेघा म्हणजे 'समाप्त'. संपर्क मध्येच तुटला तर ही समाप्तीची खूण येत नाही, आणि पाकीट अर्धवट आहे हे सर्व्हरला ओळखता येते.

अनेक फाइली पाठविण्याची सोय या रचनेत मुळातच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तथापि फॉर्मवर बरीच वर्षे प्रत्येक फाईलला एक स्वतंत्र रकाना द्यावा लागे. एकाच रकान्यातून हव्या तितक्या फाइली निवडण्याची मुभा एचटीएमएल ५ मुळे सर्वत्र रुळली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या आवृत्तीला अधिकृत मान्यता मिळाली. अशा वेळी पाकिटात एकाच रकान्याचे नाव पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक फाईल आपल्या वेगळ्या भागात असते. जुन्या मसुद्यात फाइलींची एक आतली गाठोडी करण्याची सूचना होती. जुलै २०१५ च्या 'आरएफसी ७५७८' ने ती मागे घेतली आणि वेगळ्या भागांची रीत पक्की केली.

मग कागद गळतो कोठे? बहुधा वाटेत तो गळतच नाही; तो दाराशी अडतो. सर्व्हर कितीही मोठा ऐवज मुकाट्याने घेऊ लागला तर एखादा उपद्रवी मनुष्य त्याला बुडवून टाकील. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर मर्यादा घातलेल्या असतात. पीएचपी ही संगणकभाषा असंख्य संस्थळांच्या मुळाशी आहे. कोणी मुद्दाम बदल केला नसेल तर तिच्यात एका फाईलला २ मेगाबाइट, संपूर्ण पाकिटाला ८ मेगाबाइट आणि एका खेपेस २० फाइली अशा तीन मर्यादा असतात. एंजिन-एक्स हा सर्व्हर पुढे असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ मेगाबाइटची असते. ती ओलांडली की तो '४१३' या क्रमांकाचे उत्तर देऊन पाकीट परत लावतो.

या आकड्यांचा हिशेब करून पाहावा. एखाद्या विद्यार्थ्याने प्रत्येकी दीड मेगाबाइटचे सात कागद निवडले. एकही कागद २ मेगाबाइटच्या वर नाही. त्याच्या मते सारे नियमात आहे. पण बेरीज साडेदहा मेगाबाइट होते, आणि संपूर्ण पाकिटाची मर्यादा ८ ची. अशा प्रसंगी पीएचपीमध्ये सातही कागद तर जातातच, शिवाय अर्जदाराचे नावदेखील पुढच्या आज्ञावलीच्या हाती लागत नाही. तिला जणू कोराच फॉर्म मिळतो. दुसरे उदाहरण शाळेचे. लिपिकाने एका वर्गातील २५ विद्यार्थ्यांची लहान छायाचित्रे एकदम पाठविली, तर पहिली २० स्वीकारली जातात आणि उरलेली पाच बाजूला पडतात. त्याची नोंद सर्व्हरच्या दप्तरी होते, लिपिकाच्या पडद्यावर नव्हे. फॉर्म बनविणाऱ्याने मोजदाद न करता 'धन्यवाद' एवढेच छापले असेल, तर त्या पाच मुलांचे नुकसान कोणाच्याही ध्यानात येत नाही. तिसरी गोष्ट आणखी बारीक आहे. पीएचपीमध्ये अशा रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंसांची जोडी लिहावी लागते. ती राहून गेली तर आलेल्या फाइलींपैकी फक्त शेवटची हाती राहते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. सगळे कागद एकाच पाकिटात न कोंबता प्रत्येक फाईल स्वतंत्र पाकिटात पाठवावी. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच्या साहाय्याने हे सहज साधते. मग प्रत्येक फाईल किती गेली हे पडद्यावर दाखविता येते, आणि एखादी अडली तर तेवढीच पुन्हा पाठविता येते. फाईल फार मोठी असेल तर तिचे तुकडे करून पाठवावेत. वीज गेली किंवा जाळे तुटले तर राहिलेल्या तुकड्यापासून पुढे चालू करता येते. खेड्यापाड्यांतील मंद संपर्कावर ही सोय फार मोलाची ठरते. मर्यादा कोणत्या आहेत हेही फॉर्मवर आधीच स्पष्ट लिहावे. दार बंद झाल्यावर नियम सांगण्यात अर्थ नाही.

विश्वासाचाही एक प्रश्न आहे. कोणती फाईल द्यावयाची हे माणसानेच ठरवावे, म्हणून पानावरील आज्ञावलीला संगणकातील फाईल परस्पर उचलण्याची मुभा ब्राउझर देत नाही. ती फाईल कोणत्या कप्प्यात होती हेही तो सांगत नाही. उलट बाजूने, सर्व्हरने पाकिटावरील लेबलावर विसंबू नये. फाईलचे नाव आणि प्रकार हे दोन्ही पाठविणाराच लिहितो. 'फोटो' याच नावाने शंभर जणांची छायाचित्रे येतील आणि एकाचे दुसऱ्यावर चढेल. एखादा मनुष्य छायाचित्राच्या नावाखाली घातक आज्ञावलीही धाडील. म्हणून प्रत्येक फाईलला सर्व्हरने स्वतःचे नवे नाव द्यावे आणि प्रकार आतील ऐवज तपासून ठरवावा.

एवढे करूनही अखेरची गोष्ट उरते, ती पोचेची. रजिस्टर टपालाच्या पोचपावतीवर घेणाऱ्याची सही येई, तेव्हा पाठविणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. 'अर्ज मिळाला' हे दोन शब्द म्हणजे तशी पोच नव्हे. किती कागद मिळाले, कोणते मिळाले आणि प्रत्येकाचा आकार किती, हे ज्या पोचेत लिहिलेले असते तीच खरी. फॉर्म बनविणाऱ्याने ती द्यावी, आणि अर्जदाराने मुदतीच्या आदल्या दिवशीच ती मागून, मोजून, जपून ठेवावी. सात कागद धाडले असतील तर पोचेतही सातच नावे असली पाहिजेत.