भाऊंची बुलेट आणि दोन इंचांचा हिशेब

आपल्या जुन्या पेढ्यांच्या गोदामात तेलाचे रिकामे डबे, मोडका तराजू आणि ताडपत्री यांच्या सोबतीला एखादी जुनी मोटारसायकल हमखास उभी असते. आमच्या बार्शीच्या गोदामात 1967 सालची साडेतीनशे सी.सी.ची बुलेट होती. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. वैराग आणि पांगरीच्या बाजारच्या दिवशी भाऊ उधारीची वही डिकीत ठेवून तिच्यावरूनच वसुलीस जात. त्यांची उंची पाच फूट दहा इंच होती. मी आईच्या वळणावर गेलो. पाच फूट तीन.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ती गाडी दुरुस्त करून घेतली आणि चालवू लागलो. तरुणपणी टाचा उचलून, चवड्यांवर दीडशे किलोंहून अधिक वजन तोलणे निभावून जाते. साठीनंतर गुडघे ऐकत नाहीत. गेल्या वर्षी बाजारपेठेच्या उतारावर थांबताना डावा पाय खड्ड्यात गेला, जमीन लागलीच नाही आणि गाडी आडवी झाली. मागे नऊ वर्षांचा नातू होता. तापलेल्या सायलेन्सरने त्याच्या पोटरीवर चार बोटे रुंद डाग उमटवला. त्या रात्री घरात कोणी मला फारसे बोलले नाही, तेच अधिक लागले. थोरल्या बंधूंनी निर्णय दिला : दोन्ही पाय जमिनीवर टेकतील अशी व्यवस्था होत असेल तर गाडी राहील, नाहीतर दिवाळीपूर्वी तिची विक्री करून रक्कम दोघांत वाटून घ्यावी.

गाडी खाली घेणे म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्या गॅरेजात मी प्रथम गेलो, तेथील कारागिराने मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतले शॉकअप, काढून दोन इंच आखूड जोडी बसवली आणि अर्ध्या तासात गाडी हाती दिली. आसन मात्र जेमतेम सव्वा इंच खाली आले. कारण साधे आहे. आसन दोन चाकांच्या मध्ये असते. केवळ मागची बाजू उतरवली तर त्यातील काही हिस्साच आसनाच्या वाट्यास येतो.

बँकेत पस्तीस वर्षे डेबिटाशेजारी क्रेडिट पाहत आलेल्या मला उरलेल्या नोंदी रस्त्यावर दिसू लागल्या. बुलेटच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे 1370 मिलिमीटर. मागची बाजू 50 मिलिमीटर खाली गेली की सारी गाडी सुमारे दोन अंशांनी मागे कलते आणि त्यासोबत पुढचा फोर्कही तेवढाच अधिक तिरका होतो. दोन अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. परंतु गल्लीतून हळू जाताना हँडल जड होऊन एका बाजूस पडू पाहते. पुतण्या मागे बसला आणि खड्डा आला तेव्हा टायर मडगार्डला घासले, कारण आखूड शॉकअप पूर्ण दबला की चाक पूर्वीपेक्षा वर पोहोचते. मधल्या स्टँडवर गाडी चढवणे दुप्पट कष्टाचे झाले. साइड स्टँडवर ती पूर्वीइतकी न कलता जवळजवळ सरळ उभी राहू लागली. बाजूने कोणी धक्का दिला असता तर पलीकडे पडली असती.

त्याच कारागिराने पुढे सुचवले, की आसनाखालचा सांगाडाच कापून, खाली वेल्डिंग करू. मी नकार दिला. वाहनाच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहे. शिवाय जुलै 2021 मध्ये केंद्र शासनाने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यासाठी पात्र ठरते; नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. अशी नोंदणी घेतल्यावर रोजच्या वापरास मात्र मनाई आहे, म्हणून मी अद्याप अर्ज केलेला नाही. परंतु सांगाडा एकदा कापला की तो मार्ग कायमचा बंद.

मग सोलापुरातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी मोजपट्टी घेतली. मला गाडीवर बसवून, मागील स्प्रिंग किती दबते ते मोजले. शॉकअपच्या तळाशी स्प्रिंगचा ताण कमीजास्त करणारी कडी असते. ती कोणीतरी सर्वांत कडक खुणेवर ठेवली होती, कदाचित भाऊंनीच, मागे माल बांधत असत म्हणून. ती सैल करताच आसन थोडे खाली आले, एक रुपयाही खर्च न होता.

त्यानंतर त्यांनी दोन इंचांऐवजी मागे एकच इंच आखूड शॉकअप बसवले आणि पुढचा भागही तितकाच उतरवला. दोन्हीकडे सारखे उतरले की फोर्कचा कल मूळचाच राहतो. काही गाड्यांत फोर्कच्या नळ्या पकडीतून वर सरकवल्या की काम होते. जुन्या बुलेटमध्ये त्या वर दिव्याच्या घरातच आट्यांनी बसवलेल्या असल्याने सरकत नाहीत. त्यामुळे फोर्क उघडून, आतूनच त्याची लांबी कमी करावी लागली. मूळ स्प्रिंग कापू का, असे मीच विचारले. मिस्त्री हसले. कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, उलट अधिक कडक होते. वेढे जितके कमी तितका ताठरपणा जास्त. त्यांनी आखूड स्प्रिंगांची वेगळी जोडी घातली. मागील स्प्रिंग काढून, चाक जॅकने पूर्ण वर दाबून, मडगार्डपाशी किती जागा उरते ते बोट घालून पाहिले. चिमट्याचा कोन बदलल्याने चेनचा ढिलेपणाही नव्याने लावला. दोन्ही स्टँड मात्र नवे आणून तेच आखूड केले.

खरा लाभ मला अपेक्षा नव्हती तेथे झाला. पाय जमिनीस पोहोचणे आसनाच्या उंचीइतकेच त्याच्या रुंदीवरही अवलंबून असते. रुंद आसन मांड्या बाहेर ढकलते. गादीवाल्याकडून फोम एक इंच तासून, पुढच्या कडा निमुळत्या करून घेतल्या. एरवी फक्त चवडे टेकत. आता दोन्ही टाचा टेकल्या.

काढलेले मूळ शॉकअप, स्प्रिंगा, दोन्ही स्टँड आणि जुने आसन गोणपाटात बांधून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून गोदामाच्या माळ्यावर ठेवले आहे. एका रविवारी गाडी पुन्हा भाऊंच्या उंचीची होऊ शकते. बंधूंनी स्वतः येऊन पाहिले, मला बसवून दोन्ही टाचांखाली कागद सरकवून पाहिला आणि विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही. उतारावर आणि वाळूवर मी अजूनही जपून थांबतो. स्पीडब्रेकर आडवे आले की वेग अगदी कमी करतो, कारण पोट जमिनीच्या एक इंच जवळ आले आहे.

नातू रोज विचारतो. सूनबाईंची परवानगी मात्र अद्याप मिळालेली नाही.