एका वेळी चार पुस्तके

साक्षरतेच्या वर्गात एक प्रश्न नेहमी निघतो. "गुरुजी, आत्ता कुठं अक्षरं जुळायला लागली. हातातलं एक पुस्तक संपंना, मग दुसरं कशाला घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. तरी आम्ही म्हणतो, मंडळी, एकाच पुस्तकावर थांबू नका. निरनिराळ्या तऱ्हेची तीन-चार पुस्तके जवळ ठेवा आणि आलटून पालटून वाचा. असे का म्हणतो, ते ऐका.

तुम्ही रानात ज्वारी पेरता. मधे तुरीच्या ओळी टाकता. ज्वारी आधी निघते, तूर मागाहून. ज्वारीची मुळे वरच्या मातीत पसरतात, तुरीचे मूळ खोल जाते. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते. पुस्तकांचेही तसेच आहे. गोष्टीचे पुस्तक आणि शेतीचे पुस्तक एकमेकांच्या आड येत नाहीत. एकाचा कंटाळा आला तर दुसरे उघडावे. वाचन चालू राहते. नव्याने शिकलेल्या माणसाचे वाचन एकदा सुटले, की अक्षरे गंजायला वेळ लागत नाही.

पण याहून मोठे कारण आहे. सगळे छापील एकाच रीतीने वाचायचे नसते.

पोथी सावकाश वाचावी. एक ओवी दोनदा म्हणावी. आज थोडा अर्थ कळला, उद्या आणखी कळेल. तिथे घाई नाही.

गोष्टीचे पुस्तक भरभर वाचावे. पुढे काय झाले, या ओढीने पाने उलटतात. एखादा शब्द अडला तर तो सोडून पुढे जावे. काही बिघडत नाही.

आरोग्याचे पुस्तक मात्र असे वाचून चालायचे नाही. लेकराला जुलाब लागले तर घरी साखर-मिठाचे पाणी करून देतात. त्याचे माप असे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. इथे 'सहा', 'अर्धा' आणि 'सपाट' या शब्दांवर सारे आहे. गोष्टीसारखे भरभर वाचले आणि अंदाजाने मीठ जास्त पडले, तर तेच पाणी लेकराला बाधेल. असे पान बोट ठेवून वाचावे. माप मोठ्याने म्हणावे. मगच चमचा हातात घ्यावा. जुलाब थांबले नाहीत तर लेकराला दवाखान्यात न्यावे.

आता सातबारा घ्या. तो काही पुस्तक नव्हे, पण वाचायचा कागद तर आहे. नमुना सातात जमीन कोणाच्या नावावर आहे आणि किती आहे, ते असते. नमुना बारात पिके असतात. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. हा कागद शंका घेत वाचावा. नाव बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? फेडलेला बोजा अजून तसाच तर राहिला नाही ना? इथे एकही शब्द सोडू नये.

पोथी आपण श्रद्धेने वाचतो. त्याच श्रद्धेने कर्जाचा कागद वाचून सही केली, तर शेत जाईल. आणि कागदासारखी शंका घेत गोष्ट वाचली, तर तिची गोडी जाईल. ज्याने एकाच तऱ्हेचे वाचले, तो सारे एकाच मापाने मोजू लागतो. चारही तऱ्हांचे वाचन शेजारी शेजारी चालू असले, म्हणजे हा फरक अंगवळणी पडतो.

आणखी एक लाभ आहे. एका पुस्तकात पडलेला प्रश्न दुसरे पुस्तक सोडवते. महात्मा जोतीराव फुले यांचे लिखाण पाहा. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एका अडाणी कुणबी जोडप्याला जोशी फसवतो आणि शेवटी ते नवराबायको शिकायचे ठरवतात. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा रचला. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकरी दरिद्री का झाला ते त्यात सांगितले, आणि पावसाचे पाणी रानात मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला, असा उपायही सुचवला. नाटक वाचून फसवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. पवाड्याने ऊर भरून येतो. 'असूड' वाचला म्हणजे कारण आणि उपाय कळतो. कळवळा एकच, पण तो सांगायला जोतीरावांना तीन तऱ्हा लागल्या. मग वाचणाऱ्याने एकीवर का भागवावे?

सातारा जिल्ह्यात, पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान भिलार नावाचे गाव आहे. गाव स्ट्रॉबेरी पिकवणारे. २०१७ साली ते 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथे घराघरांत पुस्तके मांडली. एका ठिकाणी कादंबऱ्या, दुसरीकडे संतसाहित्य, तिसरीकडे इतिहास. वाचणारा या घरून त्या घरी जातो.

आपल्याला एवढे करता आले नाही, तरी चालेल. गावच्या वाचनालयातून दर खेपेला वेगळ्या तऱ्हेचे पुस्तक मागा. प्रत्येकाची वेळ ठरवा: पहाटे पोथी, दुपारी विसाव्याला शेतीचे पुस्तक, रात्री गोष्ट. प्रत्येकात खुणेसाठी वेगळ्या रंगाचा दोरा घाला. एक मिटल्यावर त्यात काय वाचले ते घरात कोणाला तरी सांगा, मग दुसरे उघडा. म्हणजे सरमिसळ होत नाही. चारापेक्षा जास्त मात्र एकदम काढू नका.

आज एवढे करा. घरात जे जे छापील आहे ते एकत्र मांडा. पोथी, पोरांची पुस्तके, बियाण्याची पिशवी, सातबाऱ्याचा उतारा. मग एकेक हातात घेऊन ठरवा: हे सावकाश वाचायचे, हे भरभर, हे माप धरून, की हे शंका घेत?